पडद्याआडची मोलकरीण

मामांनी ते घर वीसेक उन्हाळे बाहेरून पाहिलं होतं. आतून एकदाही नाही.

घर एका जुन्या व्यापाऱ्याचं. व्यापारी गेला, त्याची मुलंबाळं पांगली, मग कुणीतरी घराचं संग्रहालय करून दारात तिकीटखिडकी बसवली. शहरातून मिनीबसने सकाळी लवकर निघालं तर ऊन चढायच्या आत पोचता यायचं. मामा त्या मिनीबसचे ड्रायव्हर. ड्रायव्हरला प्रवासी मामा म्हणतात, म्हणून ते मामा. पुढे गाडीचा मालक मामा म्हणू लागला, गल्ली म्हणू लागली, शेवटी सख्खी मेहुणीही मामाच म्हणू लागली. त्यामुळे त्यांच्या बायकोला मामी होणं भाग पडलं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

उन्हाळ्यात एखाद्या रविवारी गाडीला भाडं नसलं की मालक म्हणायचा, "मामा, घेऊन जा घरच्यांना." मग गाडीत मामी, त्यांची लेक, मामींची धाकटी बहीण, धाकटीचा नवरा आणि उरलेल्या जागांवर गल्लीतले शेजारी, अशी भरती व्हायची. धाकटीचा नवरा घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायच्या कामावर होता. मामांचा साडू म्हणून त्याला सगळे साडूबुवा म्हणत. सहलीची ठिकाणं साडूबुवाच काढायचे. घड्याळांचं संग्रहालय, जुनं नाट्यगृह, कुणा हौशी माणसाने लावलेली मोठी बाग. "खाऊन झोपायला रविवार कशाला हवा," ते म्हणायचे. "माणसाने काहीतरी बघावं." प्रत्यक्षात ते स्वतः काही बघत नसत. भिंतीवरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत, मीटरचा आकडा वाचतात तशी, आणि पुढच्या पाटीकडे जात.

हे सगळे आत गेले की मामा गाडीपाशी थांबायचे. "गाडीपाशी माणूस लागतो," ते म्हणायचे, आणि इतक्या अधिकाराने म्हणायचे की कशाला लागतो हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मग ते काचा पुसत, टायरला लाथ मारून बघत, शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरशी जगाचा कारभार चालवत. आडवे मात्र होत नसत. दिवसाढवळ्या गाडीत आडवा होणारा ड्रायव्हर त्यांच्या मते ड्रायव्हरच नव्हे. कलासंस्कृतीविषयी त्यांची मतं पक्की होती. घड्याळांच्या संग्रहालयाला सावली नाही. नाट्यगृहाचं आवार उताराचं, हँडब्रेक ओढूनही चाकाखाली दगड लावावा लागतो. त्या मानाने व्यापारी मोठ्या मनाचा, कारण त्याने दारासमोर दोन झाडं अशी लावली होती की अख्खी मिनीबस सावलीत मावे. मोसमाची शेवटची सहल दरवर्षी व्यापाऱ्याकडे व्हायची ती या झाडांमुळे.

मामी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात रफू करायच्या. दर्शनी काचेमागे टेबल, त्यावर वाकड्या मानेचा दिवा आणि एक मोठं भिंग. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक, शालीला कसरीने पाडलेलं भोक, भांडणात उसवलेला खिसा. कोणतं भोक कशाने पडलं याबद्दल गिऱ्हाईक भलतंच काही सांगायचं आणि मामी मान हलवायच्या. रफूला धागा बाहेरून आणायचा नसतो, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढायचा, म्हणजे रंग जुळतो. काम फसलं तरच ते लोकांच्या नजरेत येतं, आणि हे मामींनी फार पूर्वीच मान्य करून टाकलं होतं.

आता मूळ भानगड. अगदी पहिल्या उन्हाळ्यात व्यापाऱ्याच्या घरून परतताना ऊन समोरून येत होतं, रस्ता सरळसोट होता आणि मागे सगळे तोंड उघडं टाकून झोपले होते. साडूबुवांचं घोरणं इंजिनच्या वर ऐकू येत होतं. मामी पुढे, मामांच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर लहानगी लेक. सहज आरशात नजर गेली तर मामांच्या पापण्या खाली आल्या, तिथेच थांबल्या, आणि मग सावकाश वर गेल्या.

"झोप येतेय का तुम्हाला?"

"मला?" मामा म्हणाले. "मी ड्रायव्हर आहे."

यावर पुढे काही बोलण्यात अर्थ नव्हता. ड्रायव्हरला झोपाळू म्हणणं म्हणजे त्याच्या पोटावर आणि मानावर एकदमच पाय देणं. म्हणून मामी दुसरंच बोलू लागल्या. आत काय काय पाहिलं ते सांगू लागल्या. चिनीमातीच्या बरण्या सांगितल्या, पितळी कुलपं सांगितली, वर जाणारा जिना सांगितला. खरं फार लवकर संपलं. मामांचा "हं" दर वेळी आणखी उशिरा येऊ लागला. मग मामी वरच्या दालनातल्या मोठ्या चित्रावर आल्या. व्यापारी, त्याची बायको, ओळीने मुलं, पायाशी कुत्रा, सगळे घशात काटा अडकल्यासारखे ताठ. मागे लाल पडदा.

"आणि त्या पडद्याआडून," मामी म्हणाल्या, आणि हे पुढचं कुठून आलं ते त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही, "एक मोलकरीण बघतेय."

"कशी?"

"तोंडावर हात धरून. हसू आवरत नाहीये तिला."

"का?"

"मालकाच्या पायात दोन वेगवेगळे बूट आहेत."

मामांचे डोळे टक्क उघडले. ते खो खो हसले, लेक दचकून जागी झाली, आणि गाडी सुखरूप घरी आली.

त्यानंतर दर सहलीला हेच. घड्याळांच्या संग्रहालयातून परतताना मामींनी एका घड्याळजीची दोन लग्नं लावली. नाट्यगृहातून परतताना त्यांच्या गोष्टीत तिसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीवर म्हातारा नट रोज येऊन बसे. धागा मात्र त्या नेहमी त्या जागेतूनच काढायच्या. घड्याळं होतीच, खुर्ची होतीच. आणि व्यापाऱ्याच्या घरी दरवर्षी जायचं असल्यामुळे मोलकरणीत दरवर्षी भर घालावी लागे. "यंदा नीट बघितलं," मामी सुरुवात करायच्या, "तिच्या हातात दुसरा बूट आहे." मामा म्हणायचे, "तरीच." मागचे लोक झोपलेले असायचे. हे बोलणं पुढच्या दोन सीटांचं होतं.

गोष्ट तिथेच राहिली असती. पण मामा भाड्याची गाडी घेऊनही त्या घरी जायचे, आणि प्रवाशांना उतरवताना सांगू लागले, "वरच्या दालनात मोठं चित्र आहे. पडद्याआडची मोलकरीण तेवढी चुकवू नका." संध्याकाळी घरी येऊन जेवायला बसले की खबर द्यायचे.

"आज सगळ्यांना दिसली."

"कोण?"

"मोलकरीण. एक बाई म्हणतात, हसत नाहीये, रडतेय. मी म्हटलं, बाई, परत जाऊन बघा."

मामींचा घास हातातच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. न जाणो. पडदा होता, मोलकरीण नव्हती. बूट एकाच जोडीचे होते आणि चांगले चकचकीत होते.

सांगून टाकावं असं त्यांना दरवर्षी वाटे. पण सांगायचं कधी? गाडीत सांगितलं तर मामा झोपणार. घरी सांगितलं तर पुढच्या रविवारी गाडीत बोलायचं काय? असं करता करता लेक मोठी झाली आणि बापाच्या हाताखाली शिकून तीही ड्रायव्हर झाली, त्याच मालकाकडे, त्याच मिनीबसवर.

गेल्या हिवाळ्यात मामांचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्यातही टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "आता गाडी पुरे." चार महिने खिडकीत बसून मामांनी गल्लीत गाडी मागे घेणाऱ्या प्रत्येकाचा मनातल्या मनात परवाना रद्द केला. उन्हाळा सरत आला तसं लेकीने जाहीर केलं, "या रविवारी व्यापाऱ्याचं घर." आणि मामा खिडकीतून वळून म्हणाले, "यंदा मी आत येणार."

मामींच्या हातातली सुई बोटात गेली.

"आणि गाडीपाशी?" त्यांनी विचारलं.

"गाडीला आता अलार्म आहे, आई," लेक म्हणाली. "माणूस लागत नाही."

मामांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, पण ते लगेच सावरले. "मोलकरीण बघायचीय मला," ते म्हणाले. "सगळ्या जगाने बघितली. मीच राहिलो."

त्या आठवड्यात मामींनी जंग जंग पछाडलं. बागेत जाऊ या म्हणाल्या. साडूबुवा म्हणाले, बाग वाळून गेलीय. गुडघा दुखतोय म्हणाल्या. लेक म्हणाली, तिथे आता लिफ्ट आहे. दुरुस्तीसाठी बंद असल्याचं ऐकलं, असंही त्यांनी सांगून पाहिलं. लेकीने तिथल्या तिथे फोन लावला. घर उघडं होतं. मामींना भीती कशाची होती ते त्यांना स्वच्छ माहीत होतं. खोटं उघडं पडेल याची तर होतीच. पण मामा घरात बसल्यापासून त्यांच्याकडे भरवशाच्या वस्तू कमी झाल्या होत्या. गाडी गेली होती, एक डोळा नवा होता, दुसरा जायच्या वाटेवर होता. राहिला होता तो बायकोचा शब्द.

रविवारी मामांनी दाढी केली, बुटांना पॉलिश केलं आणि गाडीत मागच्या सीटवर, खिडकीशी बसले. शेजारी मामी. लेक पहाटे कारखान्याच्या पाळीची माणसं सोडून तशीच आली होती. झाडांखाली गाडी लावताना मामांनी उतरून हात दाखवले, जरा मागे, जरा डावीकडे, बस. लेकीला त्याची गरज नव्हती, पण तिने आरशात बघून मान हलवली.

आत मामा गाडी चालवल्यासारखे चालले. डाव्या बाजूने, प्रत्येक दारात थांबून, दोन्हीकडे बघून. एका अरुंद खोलीत कपाटं आणि माणसं यांची कोंडी झाली तेव्हा ते वळले नाहीत, पाठमोरेच बाहेर आले. बरण्या त्यांनी बघितल्या. कुलपं बघितली. "अगदी तू सांगितलंस तशी आहेत," ते मामींना म्हणाले, आणि मामींना त्या क्षणी बरणीत शिरून झाकण लावून घ्यावंसं वाटलं. पुढे साडूबुवांचा आवाज चालला होता. "पितळ. वजनकाटा. हात लावू नये."

वरच्या दालनात ते चित्र समोरची पूर्ण भिंत अडवून होतं. मामा त्याच्यासमोर उभे राहिले. मामी दारातच थांबल्या. त्यांना पुढे जाववेना आणि मागे फिरणं तर शक्यच नव्हतं.

मामांनी आधी बूट बघितले. मग पडदा. मग चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. जवळ गेले. लांब गेले. मग त्यांनी तळहाताने एक डोळा झाकला आणि बघितलं, तो हात काढून दुसरा डोळा झाकला आणि बघितलं. हे त्यांनी पुन्हा एकदा केलं. मग ते मागे सरकत सरकत मधल्या बाकावर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाबा, काय झालं?" लेक म्हणाली.

"डॉक्टरने डोळा घालवला माझा," मामा हळू म्हणाले. "बाकी सगळं दिसतंय. तेवढी मोलकरीण दिसत नाही."

"मला पण कधी दिसली नाही," लेक म्हणाली. "लाज वाटायची म्हणून मी बोलले नाही."

"तू धड बघत नाहीस. माझा डोळाच गेलाय."

दालनाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला रखवालदार हे ऐकून उठला. वय झालेला, संथ माणूस होता. "तुम्हीही मोलकरणीसाठीच का?" त्याने विचारलं.

"तुम्हाला माहितीय ती?" मामा ताठ झाले.

"मला नाही माहीत असणार तर कुणाला? पंधरा-वीस वर्षं झाली, लोक येतात आणि मोलकरीण कुठाय विचारतात. आधी मी सांगायचो, अशी कोणी नाही. तर माझी तक्रार केली, हा माणूस दाखवत नाही म्हणून. तेव्हापासून मी सांगतो, साफसफाईसाठी नेलीय." तो जरा थांबला. "खोटं कशाला बोलू, एकदा संध्याकाळी मलाही दिसल्यासारखी वाटली होती."

"बघा!" मामा म्हणाले. "आणि माझी ही दरवर्षी बघते. तिला विचारा. अगं, इकडे ये. सांग यांना, कुठे उभी असते ती."

सगळे मामींकडे वळले. रखवालदारही वळला, कुतूहलाने. रखवालदाराने वाट करून दिली होती. नेलीय साफसफाईला, एवढं म्हटलं असतं तर दिवस निभावला असता. पण मामांचा हात अजून अर्धवट डोळ्याकडे होता. उद्या ते डॉक्टरकडे जाणार होते, परवा दुसऱ्या डॉक्टरकडे, आणि खिडकीत बसून आयुष्यभर स्वतःला आंधळे समजणार होते.

"तुमचा डोळा चांगला आहे," मामी म्हणाल्या. "मोलकरीण नाही. कधीच नव्हती. मी मनाने रचली."

"आणि बूट?"

"बूट पण."

साडूबुवांनी आयुष्यात पहिल्यांदा पाटी अर्धी सोडली. "म्हणजे मामीने मामांनाच मामा बनवलं!" ते म्हणाले आणि हसले. धाकटीने त्यांना कोपराने ढोसलं. बाकी कोणी हसलं नाही. मामा उठले, रखवालदाराला "बराय" म्हणाले, आणि डाव्या बाजूने जिना उतरून गेले.

मामींना ते कुठे सापडतील हे शोधावं लागलं नाही. मामा गाडीपाशी होते. टायरला लाथ मारून बघत होते.

"का?" ते न वळता म्हणाले.

मामींनी सांगितलं. पहिला उन्हाळा, समोरचं ऊन, आरशातल्या पापण्या, मांडीवरची लेक. खरं पुरेना म्हणून.

मामा वळले. खोट्याचा राग येईल अशी मामींनी तयारी केली होती. पण मामांना खोट्याचं काही वाटलेलं दिसत नव्हतं.

"मी गाडीवर झोपलो?" ते म्हणाले. "मी?"

"झोपला नाहीत. मी झोपू दिलं नाही."

"एकदाही अपघात केला नाही मी. साधा ओरखडा नाही गाडीवर. मालकाला विचार."

"मला माहितीय."

"आणि तू इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून पहारा देत होतीस. मला वाटायचं, बायकोला माझ्याशी बोलावंसं वाटतं."

हे मामींना फार लागलं. वाटायचंच, असं त्यांना म्हणायचं होतं. पहिल्या वर्षी भीती होती, दुसऱ्या वर्षी सवय झाली, आणि त्यानंतर त्या अख्खी सहल परतीच्या वाटेसाठी करत होत्या. आत फिरताना प्रत्येक वस्तूकडे बघून, हे यांना कसं सांगता येईल, एवढंच त्यांच्या डोक्यात असायचं. पण हे सगळं एकदम तोंडाशी आलं आणि त्यातलं काहीच बाहेर पडलं नाही. "वाटायचं की," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनाच फार अपुरं वाटलं.

मामांनी गाडीच्या काचेवरचा एक वाळका किडा नखाने काढला. "घड्याळजीची दोन लग्नं?"

"खोटी."

"खुर्चीतला म्हातारा नट?"

"खुर्ची खरी."

"बागेतला तो माळी, उलटा चालणारा?"

"तो खरा होता," मामी म्हणाल्या. "शपथ. पाणी घालत मागे सरायचा."

मामांनी यावर विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. मग बाकीची मंडळी आली, झाडाखाली सतरंजी पसरली, डबे उघडले, कलिंगड कापलं. मामा जेवले, पण सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसून. धाकटी मामींच्या कानात म्हणाली, "ताई, येईल निवळून."

परतताना मामा पुन्हा खिडकीशी बसले आणि मामी मधल्या वाटेच्या पलीकडच्या सीटवर. पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी होती. वीसेक वर्षांत परतीच्या वाटेवर मामी पहिल्यांदाच गप्प होत्या. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, सगळं मामांनी स्वतःच बघितलं होतं. ऊन समोरून येत होतं. कलिंगड पोटात गेल्यामुळे गाडीभर माना कलल्या, साडूबुवांचं घोरणं नेहमीच्या सुरात लागलं. मामींनी डोळे मिटून घेतले, पण झोप कुठली यायला. घरी गेल्यावर हा माणूस खिडकीत बसेल, आपण भिंगाखाली भोकं बुजवत बसू, आणि दोघांत बोलायला खरं काय आहे याचा त्या हिशोब लावत होत्या. तो फार थोडा भरत होता.

मामा आरशात बघत होते. गाडी कुणीही चालवत असली तरी आरशात बघायचं ही त्यांची खोड सुटणं शक्य नव्हतं. लेकीच्या पापण्या खाली आल्या, तिथेच थांबल्या, आणि मग सावकाश वर गेल्या.

मामा सीटवर पुढे सरकले. पापण्या पुन्हा खाली आल्या.

"झोप येतेय का गं?" त्यांनी विचारलं.

"मला?" लेक मान ताठ करत म्हणाली. "छे, बाबा. मला कशाला येईल?"

मामींनी डोळे उघडले होते. मामांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते उठले, सीटांच्या दांड्या धरत पुढे गेले आणि लेकीशेजारच्या सीटवर बसले. तिथून रस्ता त्यांना किती स्पष्ट दिसत होता कोण जाणे, पण त्यांनी नजर रस्त्यावरच ठेवली.

"पुढे चहाचं दुकान येईल, तिथे थांब," ते म्हणाले. "तोवर ऐक. ती मोलकरीण."

"बाबा, ती नाहीये ना?"

"नाहीये. तू ऐक. ती पडद्याआड उभी आहे."

"बरं."

"आणि हसतेय. मालकाच्या पायात दोन वेगळे बूट आहेत. एक काळा." मामा थांबले. "आणि एक दुसरा."

"मग?"

"मग काय. वेगळे बूट आहेत."

लेकीने "हं" म्हटलं. ते "हं" जरा उशिराच आलं. मामांनी खाकरून घेतलं, तोंड उघडलं, मिटलं. गाडीवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला रस्ता संपल्यासारखं झालं. समोर ऊन होतं, चहाचं दुकान अजून लांब होतं, आणि लेकीची हनुवटी पुन्हा खाली येऊ पाहत होती.

"अगं," मामा मागे न वळता म्हणाले, आवाज मुद्दाम रुक्ष ठेवून. "पुढचं तू सांग. मला येत नाही."

मामी उठल्या. दांड्या धरत पुढे आल्या आणि दोघांच्या मधोमध इंजिनच्या उंचवट्यावर बसल्या. तो चांगलाच तापलेला होता. त्या जरा सरकल्या, तेव्हा मामांनी न बोलता आपला रुमाल घडी करून त्यांच्याखाली सरकवला.

"दुसरा बूट मालकाचा नव्हताच," मामी म्हणाल्या. "चित्रकाराचा होता."

"काय सांगतेस!" मामा म्हणाले, आणि लेकीने डोळे पूर्ण उघडून आईकडे बघितलं.

"रस्त्याकडे बघ," मामा तिला म्हणाले. "मग?"